या गोटमा तू कोठे शे?

(साक्री येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. दोन-चार ठिकाणी तुटलेली वाक्यं जोडली, एवढंच.)



मला चिठ्ठीवर विषय लिहून दिलाय : 'सामूहिक लेखन आणि लेखकाची जागा'. विषय देणाऱ्याचं काय जातं! मी आपला एक अनुभव सांगणार, आणि त्याच्या अनुषंगानं तीन-चार पुस्तकांबद्दल बोलणार. अनुभव माझ्या फायद्याचा नाही. तरी सांगतो, कारण इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांना तो माहीतच आहे, आणि मी नाही सांगितला तर तुम्ही चहाच्या वेळी सांगालच.

आपण बारा जणांनी मिळून एक पथनाट्य बांधलं. बांधलं म्हणतो, लिहिलं म्हणत नाही. तमाशात पूर्वी वग कागदावर नसायचा. सरदार किस्सा सांगायचा : राजा कोण, प्रधान कोण, शिपाई कोण, सुरुवात कुठं, शेवट कुठं. मधलं सगळं ज्याचं त्यानं बोर्डावर उभं राहून भरायचं. सोंगाड्या तर त्या रात्रीच्या गावचा पाटीलसुद्धा वगात ओढून आणायचा. आमचंही तसंच. किस्सा मी दिला, बाकीच्या अकरा जणांनी आपापलं भरलं. कोणाचं वाक्य कोणाचं, आता सांगता यायचं नाही.

किस्सा कुठला, हे साक्रीत सांगायला नको, पण हे छापून पुण्या-मुंबईला जाणार आहे म्हणून सांगतो. राईनपाडा. आपल्याच तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं बाजारात आली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातली. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हेच पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पोरं पळवणारी टोळी आली, असा बोभाटा झाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. मारतानाचं शूटिंगही झालं, तेही मोबाइलवर फिरलं.

त्याआधी कित्येक दिवस मेसेज फिरत होते, तुम्हाला आठवत असेल. टोळी आलीय, किडन्या काढतात, साधूच्या वेशात असतात, अमक्या गावात दोघं धरले. आता हे बघा, मित्रांनो, हीसुद्धा सामूहिक लेखनाचीच गोष्ट आहे. एकानं 'टोळी' लिहिलं, दुसऱ्यानं 'किडनी' जोडली, तिसऱ्यानं गावाचं नाव बदलून आपल्या शेजारचं घातलं. हजारो हातांनी मिळून एक कादंबरी रचली, आणि तिच्यावर एकाचीही सही नाही. आपण 'जनतेचं लेखन', 'समूहाचं लेखन' असं मोठ्या प्रेमानं म्हणतो ना? घ्या. हेही जनतेचंच लेखन.

तालमी सुरू होत्या. माझ्या किस्स्यात गर्दी होती, ती सैतानासारखी. दुकानदार होता, बाजारातली बाई होती, मोबाइल नाचवणारी पोरं होती. शेवटी सूत्रधार येऊन गर्दीला झाडणार, असं ठरलं होतं. झाडण्याचं भाषण मी झोकात लिहिलं होतं, तेवढंच फक्त कागदावर. बाजारातल्या बाईचं काम करणारी आपली अकरावीतली पोरगी तालीम थांबवून म्हणाली,

"भाऊ, या गोटमा तू कोठे शे?"

मी म्हटलं, मी लेखक आहे. लेखक बाहेर असतो.

ती म्हणाली, मग तो मेसेज?

सगळे गप्प. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात, तालमीनंतर चहा पिताना, मीच या पोरांना सांगितलं होतं की तो मेसेज माझ्याही फोनवर आला होता आणि मी तो पुढं धाडला होता. पिंपळनेरच्या मावशीला धाडला. खाली लिहिलं, पोरांना सांभाळ. आणि दोन ग्रुपवर. तीन वेळा अंगठा दाबला, विषय संपला. त्या वेळी मी कामावर होतो, जेवणाची सुट्टी होती, डबा उघडलेला होता. माझा मेसेज कोणापर्यंत गेला, त्या बाजारातल्या एखाद्या तरी माणसानं तो वाचला होता की नाही, मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. पोरांना मी हे सांगितलं ते 'बघा किती सहज होतं' अशा थाटात. मास्तर उदाहरण देतो तसं. ते या नाटकातलं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आईशप्पथ.

म्हणजे मारणारी गर्दी मी लिहिली, आणि गर्दीतून स्वतःला तेवढं अलगद उचलून सूत्रधाराच्या खुर्चीवर ठेवलं.

त्या काळात देशभर एक क्लिप फिरली होती. मोटारसायकलवर दोघं येतात, खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि जातात. ती क्लिप कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला केलेली जाहिरात होती. पोरं, मोटारसायकलवाले, सगळी नटमंडळी. मूळ फिल्ममध्ये पुढं ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवतात की पोर पळवायला क्षणभरच लागतो. फलक दाखवणं म्हणजे काय? गोष्ट रचणारा गोष्टीत येऊन सांगतोय की हे आम्ही रचलंय, या कारणासाठी रचलंय. फिरवणाऱ्यांनी नेमका तेवढाच तुकडा कापला. रचणारा कापला आणि उरलं ते खरं म्हणून लोकांच्या हातात दिलं. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपनं पुढं धाडलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी पट्टी लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल अशी मर्यादा घातली. पट्टी सांगते की हे कोणीतरी पुढं धाडलेलं आहे. कोणी रचलं, ते सांगत नाही. पाचच्या जागी पाच ठेवा की पन्नास, मला तर तीनच पुरले होते.

असो. त्या रात्री घरी गेलो आणि पुस्तकं काढून बसलो. माणूस अडचणीत आला की पुस्तकात तोंड लपवतो, मीही लपवलं. पण सापडलं भलतंच.

जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' काढा. १८७३ सालची. आपण भाषणात नाव घेतो, उघडून बघत नाही. ते सगळं पुस्तक दोन माणसांच्या बोलण्यात आहे. एक धोंडिबा, दुसरा जोतीराव. लेखकानं स्वतःचं नाव पात्राला दिलंय. का दिलं असेल? नाव बदलून 'सत्यवादी', 'ज्ञानेश्वर शास्त्री' असं काहीतरी करता आलं असतं, त्या वेळची पद्धतही तशीच होती. पण मग बोलणारा सापडला नसता. 'जोतीराव' म्हटल्यावर पुण्यातल्या कोणालाही घर विचारून भांडायला जाता येत होतं. १८५५ साली आपण 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडं दिलं आणि तिथल्या भटांनी ते नाकारलं, हे जोतीराव याच पुस्तकात सांगतात. अपमान स्वतःच्या नावावर, सांगणंही स्वतःच्या नावावर. माझी एक तक्रार आहे, ती म्हणून टाकतो : त्या पुस्तकात जोतीराव कधी हरत नाही. धोंडिबा शंका काढतो, पण त्याला जोतीरावाचीच एखादी चूक दाखवायला मिळाली असती तर बरं झालं असतं. आमच्या अकरावीतल्या पोरीसारखा धोंडिबा तिथं पाहिजे होता.

मग तमाशात बघा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचा बामण. पवळा, आपली, हिवरगाव पावश्याची. लावणीच्या शेवटी नाव बापूरावांचं येतं. कवी स्वतःला स्वतःच्या कवनात नोंदवून जातो. ज्या गळ्यानं ती लावणी महाराष्ट्रभर नेली त्या गळ्याचं नाव कवनात शोधा. सोयराबाईनं मात्र सातशे वर्षांपूर्वी अभंगात सही केली ती 'चोख्याची महारी' अशी. नवऱ्याचं नाव घातलं, जातही घातली, कोणाची कोण हे लपवलं नाही. आणि चोखोबा कुठं मेला? मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम करताना, कूस अंगावर पडून. राईनपाड्यात मेलेली बहुतेक माणसं त्याच मंगळवेढे तालुक्यातली. मी यातून कुठला अर्थ काढत नाही. तालमीत हे लक्षात आलं तेव्हा आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही, एवढंच.

आता 'बलुतं'. १९७८. दया पवार. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, निदान वाचल्यासारखं बोलता तरी. त्याची सुरुवात आठवा. दया पवारला दगडू मारुती पवार भेटतो. दगडू सांगत जातो, दया ऐकत जातो. दगडू हे त्याचंच जन्मनाव. एकाच अंगातली दोन माणसं समोरासमोर बसवली : एक पांढरपेशा, कवी म्हणून नाव झालेला, दुसरा ज्याला ते नाव सोसत नाही, कारण त्याला कावाखाना आठवतो, आई आठवते, आपण केलेल्या लबाड्या आठवतात. 'बलुतं' आलं तेव्हा बामण वाचकांनी कौतुक केलं आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या. आपली घाण चव्हाट्यावर का मांडलीस म्हणून. मी लहानपणी वडीलधाऱ्यांकडून हे भांडण ऐकलंय. तेव्हा मला वाटायचं, शिव्या घालणारे मागासलेले. आता वाटतं, त्यांचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. दगडूच्या गोष्टीत दगडू एकटा नाही. आई आहे, बायको आहे, शेजारी आहेत. त्यांना कोणी विचारलं होतं? बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, १९८६ला पुस्तक आलं, त्यात 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. पण तेही लिहिताना वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवावं लागलं. बाईनं गोष्टीत शिरायचं म्हणजे आधी घरात कागद लपवायला जागा शोधायची.

पण ज्या गोष्टीनं मला खरं धरलं ती आपल्या खानदेशातली आहे. चाळीसगावची.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं पुस्तक. इंग्रजीत, त्यांच्या हातचं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते छापलं १९९० साली, म्हणजे ते गेल्यावर चौतीस वर्षांनी. त्यात १९२९ची हकीकत आहे. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याच्या पलीकडं एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते आगगाडीनं चाळीसगावला परत आले. तिथल्या महार मंडळींनी आग्रह केला होता, एक रात्र आमच्याकडं राहा. वस्ती स्टेशनपासून दोनेक मैल, मधे नदी, नदीवर पूल. स्टेशनवर टांगे उभे. पण टांगा काही येईना. तासभर खोळंबा. मग आला. बाबासाहेब बसले. थोडं जातो न जातो तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं पुलावर चाक दगडाला लागलं आणि बाबासाहेब खाली फरशीवर फेकले गेले. घोडा न् टांगा नदीत. पाय मोडला.

हे घडलं त्या वेळी बाबासाहेबांना काही कळलेलं नव्हतं. बॅरिस्टर, डॉक्टरेट, सरकारी समितीचा सभासद, आणि आपल्याच गोष्टीत आंधळा बसलेला. नंतर कळलं ते असं : टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते, त्यांच्या इभ्रतीला ते कमी वाटत होतं. मंडळींना बाबासाहेबांनी वस्तीपर्यंत पायी यावं हे सहन होत नव्हतं, त्यांच्याही इभ्रतीचा प्रश्न. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं देऊ, हाकणार नाही, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. आणि ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस वर बसला.

आता बाबासाहेब हे कसं लिहितात ते बघा. टांगेवाल्याला सोडत नाहीत : पोटासाठी टांगा हाकणारा माणूस, तरी बॅरिस्टर महारापेक्षा स्वतःला वरचा समजतो. पण आपल्या लोकांनाही सोडत नाहीत. पाहुण्याच्या मानापायी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हे सरळ लिहितात. राग नाही, माया आहे, पण लपवाछपवी नाही. आणि स्वतः? टांग्यात बसलेला एक माणूस, ज्याला काय चाललंय ते ठाऊक नाही. त्या पुस्तकात शेवटच्या दोन हकीकती तर त्यांच्या स्वतःच्याही नाहीत. एक काठेवाडातल्या शाळामास्तराची, ज्याच्या बाळंतीण बायकोला डॉक्टर हात लावेना. दुसरी खेडा जिल्ह्यात तलाठी म्हणून गेलेल्या भंगी पोराची. आपल्या पायाच्या शेजारी त्यांनी दुसऱ्यांचं दुखणं ठेवलं आणि मोठं-लहान केलं नाही.

चाळीसगाव इथून काही फार लांब नाही. आपण ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, १९३७ साली बाबासाहेब तिथं राहिले म्हणून. गर्दी करतो, गाणी वाजवतो, फोटो काढतो. जायलाच पाहिजे. चाळीसगावचा पूल मात्र आपल्या यात्रेत नाही. तिथं बाबासाहेब पडलेले आहेत ना! आपल्याला उभे बाबासाहेब लागतात.

आणि तो टांगेवाला कोण, हे मी विचारतो तेव्हा जरा आपल्या वस्तीकडं बघा. डवरी गोसावी आला, डौर वाजवत दारात उभा राहिला, तर आपण काय म्हणतो? 'चल, पुढं हो.' भटक्यांची पालं वस्तीजवळ पडली की आपण पोरांना आत बोलावतो. राईनपाड्यातली गर्दीही काही बंगल्यात राहणारी नव्हती. हातावर पोट असलेली, पोरांच्या काळजीनं पिसाळलेली माणसं. मी हे त्यांना माफ करायला सांगत नाही. खून तो खून. पण माझ्या नाटकातली सैतानाची गर्दी खोटी होती, कारण तिच्यात मला ओळखू येईल असं एकही तोंड नव्हतं.

तर मी तालमीला परत गेलो आणि म्हटलं, घ्या मला आत. तुम्हाला वाटेल पोरं खूश झाली असतील. कसली! दोन दिवस भांडण. एक जण म्हणाला, भाऊ, चळवळीचा माणूस अफवा पसरवतो हे आपणच चौकात दाखवायचं? विरोधकांना आयतं कोलीत. म्हणजे 'बलुतं'चंच भांडण, पन्नाशीला आलेलं. दुसऱ्याचा मुद्दा मला जास्त लागला. तो म्हणाला, लेखक आत आला की रडणार. छाती बडवणार, माझं चुकलं म्हणणार. लोक त्याला टाळ्या देणार. पाच माणसं मेलीत, आणि गोष्ट होणार एका लेखकाच्या मनस्तापाची.

हे अगदी बरोबर आहे. आपल्या साहित्यातही हा रोग शिरलाय. लेखक पात्र होतो ते हिशेब द्यायला नाही, तर फोटोत मधोमध उभं राहायला. म्हणून आम्ही ठरवलं : माझ्या पात्राला रडू नाही, भाषण नाही, माफी नाही. ते येतं, डबा उघडतं, फोन बघतं, तीन वेळा अंगठा दाबतं, जेवतं. चाळीस सेकंद. नाव माझंच. पोरांनी स्टॉप वॉच लावून मला दोनदा हटकलं, कारण मी अंगठा दाबताना चेहरा दुःखी करत होतो. त्या दिवशी तू काय दुःखी होतास का, असं त्या पोरीनं विचारलं. नव्हतो. भेंडीची भाजी होती.

आणि ते पाच जण? त्यांचं काम कोणी करायचं नाही. आधी मी त्यांना संवाद लिहिले होते, चांगले लांबलचक, गळा भरून येईल असे. ते काढले. आपण त्यांना ओळखत नव्हतो. ते काय बोलले, कसं विनवलं, हे त्यांच्या माणसांनी सांगावं, त्यांना वाटलं तर. मी साक्रीत बसून त्यांच्या तोंडात वाक्यं घालायची म्हणजे पुन्हा तेच, न विचारता दुसऱ्याला पात्र करणं. मेसेज रचणाऱ्यानं तरी दुसरं काय केलं होतं? आम्ही रिंगणाच्या मधे पाच झोळ्या ठेवतो. रिकाम्या. नाटक त्यांच्याभोवती चालतं. डौरही वाजवत नाही, तो आपला नाही.

पहिला प्रयोग झाला बाजारच्या दिवशी. फार काही भारी झाला असं नाही. अर्धे लोक भाजी घ्यायला निघून गेले. एक हवालदार परवानगीचा कागद मागत होता, तो मी दाखवला. माझी चाळीस सेकंदं झाली, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा, खांद्यावर उपरणं, उठून मोठ्यानं म्हणाला, "मेसेज मालेबी उना व्हता." बस्स, एवढंच म्हणाला आणि खाली बसला. पोरं गडबडली. पुढचं वाक्य कोणाचं, हेच विसरली. वगात असं झालं की सोंगाड्या सावरून घेतो, आमच्यात सोंगाड्या नाही. मग त्या पोरीनं जाऊन म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला रिंगणात आणून उभं केलं. तो उभा राहिला. शेवटपर्यंत. काही बोलला नाही. आता दुसऱ्या प्रयोगाला तो येतो म्हणालाय, पण घरातली माणसं सोडत नाहीत असा निरोप आलाय. बघू.

वेळ झालीय, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. एक सूचना तेवढी देतो. रविवारी सकाळी नऊ वाजता विहारात तालीम आहे. दुकानदाराचं काम करणारा पोरगा सुरतेला कामावर गेलाय, त्याची जागा रिकामी आहे. शिवाय मेसेज पुढं धाडणारे आणखी दोन-तीन जण पाहिजेत, एकट्या माझ्यानं ते खरं वाटत नाही. पाठांतर काही नाही. येताना आपला फोन आणायचा, आणि नाव स्वतःचंच घ्यायचं.